अकरा लाल ठिपके

साताऱ्याचे निवृत्त न्यायाधीश माधवराव सबनीस यांचा शब्द घरात निकालासारखा पाळला जाई. नात केतकीला अठराव्या वर्षी लायसन्स मिळालं, तेव्हा त्यांनी गाडीत एक यंत्र बसवून घेतलं. तिने जोरात ब्रेक दाबला की त्यांच्या मोबाइलवर सूचना यायची, आणि ते लगेच तिला झापायला फोन लावायचे.

पहिल्याच आठवड्याच्या अहवालात जोरात दाबलेल्या ब्रेकचे अकरा लाल ठिपके निघाले. आजोबांनी गाडीची किल्ली काढून घेतली.

केतकीला राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. आपण इतके ब्रेक दाबतो तरी का? प्रत्येक ठिपक्याची वेळ ती आपल्या मोबाइलवरच्या नोंदींशी ताडून पाहत बसली. पहिला ठिपका कुत्रं आडवं आलं तेव्हाचा होता. उरलेल्या दहांच्या वेळा पाहून तिला हसूच फुटलं.

जेवताना ती म्हणाली, "आजोबा, एक माणूस मला गाडी चालवताना सारखा फोन करतो. मी उचलत नाही, पण रिंग वाजली की दचकते आणि ब्रेक दाबला जातो."

"कोण हा बेजबाबदार इसम?" आजोबा कडाडले. "त्याचा मोबाइल महिनाभर जप्त केला पाहिजे!"

"हा निकाल अंतिम ना?"

"अर्थात!"

केतकीने आपल्या मोबाइलवरची आलेल्या फोनची यादी पुढे केली. दहाही वेळा एकच नाव होतं, 'आजोबा'. ब्रेक लागला की त्यांचा फोन, आणि फोन वाजला की पुढचा ब्रेक!

त्यांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. मग आपला मोबाइल आणि गाडीची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"पण यंत्र गाडीतच राहील," ते पुटपुटले.

"राहू दे की," केतकी म्हणाली. "त्याच्यामुळेच तर आरोपी सापडला!"