पोथ्यांचा पाळणा

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. त्या गावात एक मुलगी राहायची. मांजर शिंकलं की ती दचकायची. वाऱ्यानं दार वाजलं की दचकायची. एकदा तर स्वतःच्याच बांगड्या वाजल्या म्हणून दचकली! होता होता तिचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे तिला दचकी म्हणू लागले.

दचकीच्या थोरल्या बहिणीला मुलगी झाली. त्या गावची रीत अशी, की बारशाचा पाळणा मावशीनं आणायचा, आणि तोही आपल्या हातानं केलेला. नाही आणला तर बाळाच्या आईला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागायचं, "हिच्या माहेराला साधा पाळणा जमला नाही!"

दचकीच्या घरी ना लाकूड होतं, ना वेत. होतं काय, तर कोंबड्या झाकायचं एक फाटकं डालं, आईची विरलेली लुगडी आणि माळ्यावर आजोबांच्या पोथ्यांचं गाठोडं. त्या पोथ्यांचा घरात भारी मान. दर दसऱ्याला गाठोड्यावर ओली फुलं वाहायची, हात जोडायचे. सोडायचं मात्र कधीच नाही. पोथ्या मळल्या तर?

काही लाकूडफाटा सापडतो का बघायला दचकी माळ्यावर चढली. तिचा धक्का लागला आणि गाठोडं सुटलं. आतून भुसा सांडला, आणि भुशातून एक उंदीर.

"अगं आई गं!" दचकी किंचाळली.

"ओरडू नकोस बाई," उंदीर छातीवर हात ठेवून म्हणाला, "मीच केवढा घाबरलो!"

"तू आजोबांच्या पोथ्या खाल्ल्यास?"

"थोड्या मी, थोड्या वाळवीनं. तुमच्या ओल्या फुलांवर तर ती पोसली. पण आम्ही निदान उघडून तरी पाहिल्या."

दचकी ओशाळली. मग हळूच म्हणाली, "यांचा लगदा करून पाळणा केला, तर पाप लागेल का रे?"

"मी कुरतडत होतो तेव्हा कुणी पाप काढलं नाही. आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबलीस, तर लगद्यालाही काही उरायचं नाही."

दचकीनं पोथ्यांना नमस्कार केला आणि पदर खोचला. वाचता येतील ती पानं तिनं बाजूला काढली. उरलेली पाण्यात भिजत घातली, चिकटपणासाठी भिजल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटली. लगदा डाल्याला आतून-बाहेरून थापला, मध्ये लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, वर पुन्हा लगदा. उन्हात खडखडीत वाळवला. पदरांचे पीळ घालून दोर केले. चांगली पानं आतल्या बाजूनं खळीनं चिकटवली, आणि तळाशी जाड गोधडी.

बारशाला बायका जमल्या. बहिणीच्या सासूनं पाळण्यावर टिचकी मारली.

"कागदाचा? अगं, बाळानं एकदा भिजवला की झाली लापशी!"

बायका खो खो हसल्या. बहिणीनं मान खाली घातली.

"गोधडी आहे ना काकू," दचकी पुटपुटली. "भिजली तर तीच वाळत घालायची."

"आणि मोडला तर? माझी नात आपटली तर?"

आता कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर दचकीला स्वतःला हीच धास्ती होती. पण बहिणीच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं तिला दिसलं.

"थांबा काकू," ती म्हणाली. "आधी मी बसते."

गुडघे हनुवटीला टेकवून ती पाळण्यात बसली. दोर करकरला. दचकी दचकली! पण ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळ्याच बायका दचकल्या होत्या. पाळणा मात्र वाकला नाही की तडकला नाही. सासूनं हळूच एक झोका दिला. मग दुसरा, जरा जोरात.

"बघत काय बसलात? उतरवा हिला," ती म्हणाली, "आणि आणा माझ्या नातीला!"

झोका देता देता सासूची नजर आतल्या पानांवर गेली. ती मोठ्यानं वाचू लागली. एका आळशी हत्तीची गोष्ट होती ती. हत्ती नदीत शिरला, आणि नेमकं तिथलं पान उंदरानं खाल्लेलं!

"पुढं काय झालं?" बायका ओरडल्या.

मग जिनं पाळणा हलवायचा, तिनं पुढची गोष्ट रचायची असं ठरलं. पाळणा हलवायला रांग लागू लागली. बाळ तर निजल्या निजल्याच अक्षरं ओळखायला शिकलं. हळूहळू घरोघरची गाठोडी सुटली. वाचण्याजोगं होतं ते लोकांनी वाचलं, उरल्याच्या टोपल्या आणि झाकण्या केल्या. उंदराला बिचाऱ्याला दुसरं गाव बघावं लागलं.

दचकी पुढेही दचकतच राहिली. पण तिला हसायचं मात्र सगळ्यांनी सोडून दिलं.

तात्पर्य: नुसती पुजून ठेवलेली वस्तू आतून संपत जाते, हाताशी घेतलेली वस्तू नव्यानं जगते.