ठकूच्या मुसळाचा ठेका

फार फार मागची गोष्ट. घळवाडीत तेव्हा घरोघरी उखळ होतं. त्या गावात ठकू नावाची एक सून होती. भित्री म्हणजे इतकी भित्री, की चुलीत लाकूड तडकलं तरी तिच्या हातातलं भांडं खाली.

त्या काळी लोक मानत, की माणूस जिथे दचकतं तिथेच त्याच्या काळजाचा एक ठोका गळून पडतो. मग छातीत उरलेले ठोके सैरभैर होतात. कधी धावतात, कधी थबकतात.

एकदा ठकूची लेक जनी डोंगरातल्या घळीत करवंदं तोडत होती आणि वरून दरड आली. पोरीला खरचटलंही नाही. पण छातीवर कान ठेवला की ठोका चुकलेला कळायचा. तिचे ओठ निळे पडू लागले. हणमा वैदू म्हणाला, "ठोका घळीत राहिलाय. आणा कुणीतरी, नाहीतर उरलेलेही त्याच्या मागे जातील."

गावातले धीट गडी गाडगं घेऊन गेले. रीतच होती तशी. घळीत गाडगं उघडायचं, ठोका आत घ्यायचा, झाकून आणायचा. घरी येऊन झाकण काढलं, तर गाडगं मुकं.

तेव्हा ठकूनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

सासू म्हणाली, "अगं, मांजर शिंकलं तरी तू पळतेस. तू घळीत जाणार?"

"पळेनच, आत्याबाई. पण घळीकडे पळेन."

दरडीच्या दगडाला तिनं कान लावला. असं म्हणतात, आत ठोका चुकल्या कोकरासारखा घुटमळत होता. दोघी बायका एका उखळात कांडतात, तेव्हा एकीनं घाव घालून दुसरीसाठी जागा सोडायची असते. ठकूनं दगडावर मुसळ टेकलं आणि जागा सोडली. त्या जागेत आतला ठोका पडला. पुन्हा टेकलं, पुन्हा पडला. मग ती तशीच मुसळ टेकत उतरू लागली आणि ठोका दगडादगडातून तिच्या मागे निघाला.

वाटेत झुडपातून रानकोंबडा फडफडत उडाला. ठकू किंचाळली. माथ्यावर पुन्हा दरड गडगडली. ठकूला रडूच फुटलं. पण मुसळ आपल्या वेळेला खाली आलं.

घरच्या उंबऱ्यावर तिनं ते शेवटचं टेकलं आणि जागा सोडली. आत जनीच्या छातीत ठोका पडला. असं म्हणतात, त्या सांजेला गावातली सगळी रिकामी उखळं एका ठेक्यात घुमली.

सासू म्हणाली, "तुझं ओरडणं इथवर आलं हो."

"आणि मुसळ?"

"तेही आलं, बाई. तेही आलं."

आता घळवाडीत उखळं उरली नाहीत. छातीत धडधडलं की माणसाला तालुक्याला नेतात. तिथे डॉक्टर कार्डिओग्राम काढतात, गोळ्या देतात, आणि ते बरंच आहे. पण गावातून एसटीच्या थांब्यापर्यंत एक बाई आजाऱ्याच्या पुढे काठी टेकत चालते. एकदा टेकते, मग एक जागा सोडते. त्या कामाला गावातली सगळ्यात भित्री बाई निवडतात. वाटेत ती दचकली, ओरडली, रडली, तरी कुणी हसत नाही.

काठी तेवढी थांबू द्यायची नाही.