ताटातलं पाणी

"आत्या, एकदाच उघडून बघू?"

"आत्ताच तर बघितलंस."

"आता झालं असेल."

कार्मेलीन आत्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बघ की. डुक्कर तुझं, गॅस तुझा."

सेल्माने झाकण उचललं. वाफेचा भपकारा आला, व्हिनेगर थेट नाकात. तिने एक फोड चमच्याने दाबली. फोडीने चमचाच मागे ढकलला.

"झालं?"

"नाही."

"ते मला इथून दिसत होतं."

सेल्माने झाकण परत ठेवलं. नव्या सुनेला तेवढं जमतं.

संध्याकाळी अख्खं सासर जेवायला येणार होतं, तिच्या हातचं पहिलं इंद्याल, व्हिनेगरमधलं डुकराचं मटण, खायला. मागच्या रविवारी तिने सरावाचं केलं, तेव्हा "छान झालंय" एवढं म्हणण्याआधी नवरा, रेनॉल्ड, बिचारा बराच वेळ चावत होता. म्हणून तर त्याच्या आत्याला निर्मळहून मुद्दाम बोलावणं गेलं होतं. ऑफिसला तिने कळवून टाकलं, आज घरून काम करते. तिकडे अख्खी टीम सांभाळते, एक टोप सांभाळता येणार नाही?

"कुकरला लावू का, आत्या? चार शिट्ट्यांत काम होईल."

"शिट्टीला धावून येतो तो कुत्रा, बाय. हे डुक्कर आहे."

"मग झालं हे मला कळणार कसं?"

आत्या... उठल्या.

झाकण काढून बाजूला ठेवलं. टोपावर खोलगट ताट बसवलं आणि तांब्याने त्यात पाणी ओतलं. काठोकाठ. पुन्हा जाऊन खुर्चीत बसल्या.

"हे काय?"

"आता बघ उघडून."

सेल्माने ताटाची कड धरली. पाणी डचमळलं. उचलावं तर अर्धं इंद्यालात, अर्धं गॅसवर. तिने कड सोडली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत लॅपटॉप वाजला. मीटिंग.

"थोडक्यात सांगतो," पडद्यावरचे करंदीकर साहेब म्हणाले.

बऱ्याच वेळाने ते पुन्हा म्हणाले, "तर थोडक्यात..."

स्वयंपाकघरातून टोपाची गुबगुब ऐकू येत होती. करपलं तर? सेल्माने टेबलाखालून आत्यांना हाताने खुणावलं, जरा बघा ना! आत्यांनी शांतपणे मांडीवरचं लसणाचं सूप खाली ठेवलं, हात पोटावर जुळवले आणि डोळे मिटले.

थोड्या वेळात त्या घोरायला लागल्या.

"कसला आवाज येतोय?" साहेब थबकले. "सेल्मा, तुमच्याकडून का?"

"सर... मिक्सर."

"असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो."

मूळ मुद्द्याला पोटमुद्दे होते. सेल्मा कॅमेऱ्यासमोर मान हलवत राहिली. सासूबाई ताटाकडे बघून काहीच बोलणार नाहीत, जाऊ पाणी मागेल, दीर पावच खाईल... सगळं तिला आधीच दिसत होतं.

साहेबांचं एकदाचं संपलं. ती धावली.

ताटातलं पाणी आटून तळाला गेलं होतं. फडक्याने धरून तिने ते सिंकमध्ये ओतलं. मसाल्यावर लाल तेल आलं होतं. चमचा टेकवला मात्र, फोड आपण होऊन दुभंगली. चरबी जेलीसारखी थरथरली.

"आत्या! उठा! झालं!"

आत्यांनी एक डोळा उघडला.

"कसं केलंत हो?"

"मी? मी झोपले होते."

"पण मीही काही केलं नाही. हातसुद्धा लावला नाही. त्या साहेबांनी उठू दिलं तर ना!"

आत्यांनी बसल्या जागेवरून एक लांब श्वास घेतला. मान डोलावली.

"मग एक वाटी बाजूला काढ... त्या साहेबांसाठी."