एका गाभ्यावरची बिऱ्हाडं

"मग सर, ही व्हर्च्युअल मशिनं अजून कशाला ठेवायची?"

समिधा खाडिलकरनं विचारलं खरं, पण उत्तर तिनं आधीच ठरवलं होतं. मिरजेतल्या एका रुग्णालयाचे सर्व्हर ती सांभाळायची. हे काम तिला शिकवलं होतं हमीद मुजावर सरांनी.

"एका सर्व्हरवर हे इतके आभासी संगणक, प्रत्येकात आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम कोंबलेली. जागं व्हायलाच किती वेळ! माझा कंटेनर म्हणजे बंद डब्यात नुसता प्रोग्रॅम, पापणी लवायच्या आत उठतो. उद्यापासून सगळं कंटेनरमध्ये. अतिदक्षता विभागाचे अलार्मसुद्धा."

"अलार्मच्या शेजारी कोण?"

"बाहेरच्या कंपन्यांचे प्रोग्रॅम. स्कॅनर, औषधं, प्रयोगशाळा. पण ज्याची त्याची खोली वेगळी आहे, सर. कोणाला कोणी दिसत नाही."

"आणि गाभा?"

"ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल? तो एकच, खालच्या सर्व्हरचा. सगळे तोच वापरतात. म्हणून तर हलके!"

सर उठले.

तिनं कंटेनर मांडून ठेवलेल्या चाचणीच्या सर्व्हरपुढे खुर्ची ओढून ते बसले. "यांच्यातल्या कोणाला जादा परवानगी दिलीयेस?"

"स्कॅनरवाल्यांना. त्यांना यंत्राशी थेट बोलावं लागतं."

सर स्कॅनरच्या कंटेनरमध्ये शिरले. एक ओळ लिहिली. एंटर दाबलं.

स्कॅनर थिजला. औषधांची खिडकी थिजली. प्रयोगशाळा थिजली.

अलार्मही.

"सर, हे..."

"कर्नल पाडला."

मग ते शेजारच्या, चाचणीच्याच दुसऱ्या सर्व्हरकडे वळले. तिथे अजून जुनी मांडणी होती. खाली एका सर्व्हरचे अनेक संगणक भासवणारा हायपरव्हायजर, त्यावर व्हर्च्युअल मशिनं, प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा कर्नल. सरांनी स्कॅनरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तीच ओळ लिहिली.

स्कॅनर मेला. बाकीचे कामात होते. अलार्मची हिरवी रेघ हलत राहिली.

समिधा त्या रेघेकडे बघत राहिली...

"उद्याचं थांबवते, सर. कंटेनर सगळे काढून टाकते."

"का? चांगले आहेत की."

"पण आत्ताच तुम्ही..."

"मी कर्नल पाडला. कंटेनरला नावं नाही ठेवली."

तिनं दोन्ही पडदे पुन्हा एकदा पाहिले. मग ताठ झाली. आवाजात पुन्हा नेहमीचा ठामपणा आला.

"कळलं, सर. जे परके, त्यांना व्हर्च्युअल मशीन. जे आपले, ते सगळे कंटेनरमध्ये, एका कर्नलवर."

"बरोबर," सर उठत म्हणाले. "आता आपलं कोण, तेवढं ठरव."