न निघालेल्या कॅसेटची ना-हरकत

विषय : दोन हजार साली पूर्ण झालेल्या, परंतु कधीच न निघालेल्या ‘नदीपल्याड’ या दुसऱ्या अल्बमसाठी ना-हरकत पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) कुंडलिक ज्ञानू चौगुले, गायक, यांचा समक्ष अर्ज. २) अर्जदारास सहा वर्षे दिलेली शिकवणी, तोंडी.

“म्हणजे मी नेमकं काय नाही म्हणून लिहून द्यायचं?” दस्तगीर मास्तरांनी विचारलं.

“हरकत, मास्तर. तुमची काही हरकत नाही, एवढंच.”

मास्तरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. वय वर्षे अठ्ठ्याऐंशी. कुरुंदवाडातल्या याच पुढच्या खोलीत त्यांनी पन्नास वर्षं गाणं शिकवलं. त्यांचे बहुतेक शिष्य पुढे बँकेत नाहीतर साखर कारखान्यात चिकटले आणि सुखी झाले.

समोर सतरंजीवर बसलेला शिष्य त्यात मोडत नव्हता.

कुंडलिक चौगुले एके काळी महाराष्ट्राला ‘कुणाल सी.’ या नावानं माहीत होता. अठ्ठ्याण्णव साली त्याची पहिली कॅसेट आली, ‘तुझ्या पेजरवर माझा नंबर’. त्या वर्षी हळद असो, गणपती असो की पतसंस्थेचं उद्घाटन असो, पेजर वाजल्याशिवाय कार्य सिद्धीस जात नसे. पुढे पेजर गेले, कॅसेटी गेल्या. कुणाल सी. गेला नाही, पण तो कुठे असतो हे कुणी विचारेनासं झालं.

आता मुंबईच्या एका नव्या कंपनीला त्याचा तो न निघालेला दुसरा अल्बम हवा होता. जुन्याची सध्या चलती आहे म्हणे. वकिलाची अट एकच. त्या आठ गाण्यांत इतर ज्या अकरा जणांचा आवाज किंवा वाद्य आहे, त्या सगळ्यांचं ना-हरकत पत्र हवं. दहा जणांची मिळाली. त्यातले दोघे मयत होते, पण वारसांनीही खळखळ केली नाही. अकरावे मास्तर. सहाव्या गाण्याची पहिली ओळ त्यांनी गायली होती.

तेवढ्या एका सहीसाठी अर्जदार चोवीस वर्षांनी गुरूच्या दारात उगवला होता. पेढे आणले होते. शेजारी पेढ्यांसाठी प्रसिद्ध नरसोबाची वाडी असताना ते त्यानं पुण्याहून आणले होते.

“सहा वर्षं,” मास्तर म्हणाले, “घसा फोडून सांगत होतो. कुंडल्या, हरकत नको, सूर सरळ लाव. ऐकलं न्हाईस. आणि आता मीच सही करून देऊ व्हय, हरकत नाही म्हणून?”

गाण्यातली हरकत म्हणजे सुराकडे जाता जाता घेतलेला लाडिक वळसा. कुंडलिकच्या गळ्याला तिची खोडच होती. सरळ ‘सा’ लावायला सांगितला तरी तो वाटेत चार घरी चहा पिऊन पोचायचा.

“ती हरकत वेगळी, मास्तर. ही कायद्यातली.”

“असं व्हय…”

मास्तरांची सून जैबून चहा घेऊन आली. पाहुण्याकडे दोनदा बघून तिनं विचारलं, “तुम्ही पेजरवाले न्हवं?”

कुंडलिक सुखावला. “हो, मीच.”

“आमच्या लग्नात बँडवाल्यानं तीनदा वाजवलं. दुसरं त्याला येतच नव्हतं.”

मास्तर कपातल्या कपात हसले. मग म्हणाले, “ऐकव तरी. मी काय गायलो तेच मला आठवंना.”

कुंडलिकनं फोन काढला. मास्तरांना ऐकू कमी येतं म्हणून जैबूननं स्वयंपाकघरातून स्टीलचं पातेलं आणलं आणि फोन त्यात उभा ठेवला. “असं मोठं येतंय,” ती म्हणाली. खरंच आलं.

आधी तानपुरा. मग चोवीस वर्षांपूर्वीचे दस्तगीर मास्तर. *पल्याड दिवा लागला…* नुसती एक ओळ. ‘पल्याड’वरचा सूर त्यांनी असा धरला होता की पातेल्यात काही ओतताना थेंब सांडू नये. मास्तर स्वतःचा आवाज तिऱ्हाईताचा ऐकावा तसा ऐकत होते.

मग कुणाल सी. तोच शब्द घेऊन आत आला. वळसा, त्यावर वळसा, खाली उतरताना आणखी एक.

मास्तरांनी हात वर केला. कुंडलिकनं गाणं थांबवलं.

“हा कोण?”

“मी, मास्तर.”

“कधीचा?”

कुंडलिकनं चहाचा घोट घेतला. चहा संपला होता.

“गळा पन्नाशीचा,” मास्तर म्हणाले, “आणि नखरा पंचविशीचा. कधीचा?”

“गेल्या महिन्यातला. तेवढी जागा जरा मोकळी वाटत होती. तिथं नव्यानं गाऊन घेतलं. आता मशीनवर जोड कळत नाही.”

“मला कळला.”

“तुम्हाला कळणारच.”

“मूळचा आहे का पुसलास?”

“आहे.”

“लाव.”

कुंडलिकनं फोनमध्ये बरंच शोधल्यासारखं केलं. ते गाणं सगळ्यात वरच होतं.

पुन्हा तानपुरा, पुन्हा मास्तरांची ओळ. आणि मग सत्तावीस वर्षांचा एक मुलगा. ‘पल्याड’ असा तो नुसता म्हणाला. वळसा नाही, लाड नाही, वाटेत कुणाच्या घरी चहा नाही. सूर लागला आणि तिथंच राहिला.

जैबून रिकामे कप घेऊन निघाली होती, ती दारात थबकली.

“परत,” मास्तर म्हणाले.

परत लागलं.

“आणखी एकदा.”

तिसऱ्यांदा लागलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले होते आणि कुंडलिक सतरंजीची वीण मोजत होता.

“हे का नाही काढलंस?”

“कंपनी बुडाली, मास्तर.”

“कधी?”

“दोन हजार दोनला.”

“आणि हे झालं दोन हजारला. मधली दोन वर्षं कंपनी काय पोहत होती?”

…

‘कंपनी बुडाली’ हे उत्तर कुंडलिकनं बावीस वर्षं सगळ्यांना दिलं होतं. बायकोला, वर्तमानपत्रांना, एकदा तर दूरदर्शनला. इतक्यांदा की त्याला स्वतःलाही ते पाठ झालं होतं. साल मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“मीच नको म्हणालो,” तो म्हणाला.

मास्तरांनी कान पुढे केला.

“रेकॉर्डिंगला तुम्ही समोर बसला होता. मी घाबरलो. गळा चालेचना. सूर आला तो असा… उघडा. त्यात काहीच नव्हतं. लोक पेजर ऐकून आलेले. म्हणाले असते, याला येत नाही. मी सांगितलं, पुन्हा गातो. पुन्हा गायलो तर तसाही आला नाही आणि असाही आला नाही. मग म्हटलं, राहू दे सगळंच.”

“आठही गाणी?”

“आठही.”

मास्तरांनी पातेलं हलकेच बाजूला सरकवलं.

“मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं परत आलो,” ते म्हणाले. “अण्णाप्पाचं कॅसेटचं दुकान होतं बघ, चौकात. दर बाजारी जायचो. ‘कुंडल्याची नवी आली काय?’ अण्णाप्पा म्हणायचा, ‘मास्तर, पेजर आहे, देऊ?’”

“मास्तर…”

“चांगला माणूस. शेवटी मला लांबून बघितलं की मानेनंच नाही म्हणायचा. मग त्यानं कॅसेटी काढून मोबाइलचं दुकान टाकलं. तरी मी जात होतो काही दिवस. सवय.”

कुंडलिकला बरंच काही म्हणायचं होतं. लोकांसमोर बोलायची त्याला सवय होती, चांगली सवय होती. पण इथे शब्द नेमके वाटेत कुठेतरी चहाला थांबले.

मास्तरांनी पेन मागितलं. कागद गुडघ्यावर घेतला.

“वर ना-हरकत लिहिलंय न्हवं?”

“हो.”

“मग ज्यात ती नाही, त्याला माझी सही.”

आणि खरोखरच त्यांनी छापील मजकुराखाली, थरथरत्या पण वळणदार अक्षरात, ‘मूळ गाण्यापुरते’ असं लिहिलं. खाली सही केली. तारीख घातली. हे काम त्यांनी तंबोरा लावावा तितक्या सावकाश केलं.

कुंडलिकनं कागद हातात घेतला. ज्यासाठी आला ते मिळालं होतं. वळशांचं गाणं यात बसत नव्हतं, पण तेवढं वकिलाशी बोलता आलं असतं. तो उठायच्या बेतात होता.

“बस की,” मास्तर म्हणाले. “किती जणांची घ्यायची म्हणालास?”

“अकरा. झाल्या सगळ्या.”

“त्यात तू कुठायस?”

“मी अर्जदार, मास्तर. माझी कशाला लागेल?”

मास्तरांनी त्याच्या पिशवीतून डोकावणारा एक कोरा फॉर्म ओढून काढला, पातेलं पालथं घातलं आणि त्याच्या बुडावर तो फॉर्म पसरला. वर पेन ठेवलं.

“ज्या पोरानं ते ‘पल्याड’ लावलं,” ते म्हणाले, “त्याला विचारलंस?”

कुंडलिक फॉर्मकडे बघत राहिला. ‘मी खाली सही करणार… माझी कोणतीही हरकत नाही…’ मधली जागा नावासाठी सोडलेली.

“तो पोरगा म्हणजे मीच की, मास्तर.”

“मग सोपं आहे.”

कुंडलिकनं पेनाचं टोपण काढलं. नावाच्या जागी टोक टेकवलं… आणि उचललं.

अकरा सह्या प्राप्त आहेत. बाराव्या सहीअभावी अर्ज अर्जदाराकडेच प्रलंबित आहे.