सरदार झुपकेरावांची जहागीर

सरदार झुपकेराव भर दरबारातून तुरुतुरु चालत महाराजांच्या गादीपाशी आले, समोरच्या गालिच्याचा कोपरा हुंगला, दोन गिरक्या घेतल्या, बसकण मारली आणि सगळ्यांच्या देखत मोकळे झाले!

जवळच्या मानकऱ्यांनी मुकाट्यानं पाय वर घेतले. दिवाणजी खाकरून म्हणाले, "सरदारांनी शिडकावा केला!" लगेच अत्तरदाणी फिरली.

आता झुपकेराव म्हणजे होतं कुत्र्याचं पिल्लू. पण तसं म्हणायची हिरडगाव संस्थानात कोणाची छाती नव्हती. भूपालराव महाराजांचा त्याच्यावर जीव जडला होता, आणि जडला त्याच दिवशी त्यांनी त्याला सरदारकी देऊन टाकली होती. चाळीस चाळीस वर्षं चाकरी करून काही जणांना ती मिळाली नव्हती, पण ते जाऊ द्या.

शिडकावा पुसायचं काम सुभाना फरासाचं. दरबारातले गालिचे अंथरायचे, झाडायचे, गुंडाळायचे, हे तो तीस वर्षं करत आला होता. त्या दिवशी मात्र महाराजांच्या मोजड्याच भिजल्या, आणि महाराज सुभानावरच कडाडले.

"गालिचाच असा अंथरतोस की सरदारांना मोह होतो! आठ दिवसांत त्यांना शिस्त लाव. पण खबरदार! मारायचं नाही, ओरडायचं नाही, बांधायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही! नवव्या दिवशी शिडकावा झाला, तर खोली रिकामी कर आणि संस्थानाबाहेर चालता हो!"

सुभाना घरी येऊन मटकन उंबऱ्यावर बसला. "राही, भांडीकुंडी बांधायला घे," एवढंच म्हणाला. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"हात्तिच्या! एवढंच?" राही म्हणाली. "सात पोरं वाढवलीत मी. पोटात गेलं की घटकेत खाली येतं, आणि झोपून उठलं की आधी तेच. त्यात सरदाराचं काय नि शिपायाचं काय!"

"अगं, पण हात लावायचा नाही!"

"मी कशाला लावू? तुमची गालिचे कापायची कात्री द्या. आणि त्या भिजल्या कोपऱ्याला आज पाणी लावू नका."

दुसऱ्या दिवशी राही दरबारात हात जोडून उभी राहिली. "महाराज, लहान तोंडी मोठा घास घेते. सरदारांवर अन्याय झालाय!"

"अन्याय? कोणी केला?"

"आपणच, सरकार."

दिवाणजींनी तिला मागं व्हायची खूण केली, पण राही बोलतच राहिली.

"सरदारकी दिलीत, पण जहागीर कुठंय? बिनजहागिरीचा सरदार कधी ऐकलाय का? बिचारे दिसेल तिथं आपली हद्द आखत फिरतात!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "खरंच की! दिवाणजी, तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

"चुकलो, महाराज," दिवाणजी म्हणाले. त्यांना महाराजांच्या चुका पदरात घ्यायची सवय होती.

"बागेतली चिंचेखालची दहा हात जमीन दिली! लिहा सनद!"

"सनद सरदारांनी कालच लिहिलीय, महाराज. शिक्क्यासकट!" असं म्हणून राहीनं कात्री काढली, वीत लावली आणि कालचा भिजलेला कोपरा कराकरा कापून काढला.

"अगं, अगं! इराणचा गालिचा तो!" महाराज ओरडले. सुभानानं तर डोळेच मिटून घेतले.

"सरदारांपेक्षा गालिचा मोठा का, महाराज?"

महाराजांनी झुपकेरावांकडे पाहिलं आणि कात्री अडवायला पुढं केलेला हात मागं घेतला.

"आता ही सनद चिंचेखाली ठेवू. पण ताबा धन्यानंच द्यायचा असतो. सरदार जेवले की आणि झोपून उठले की आपण पुढं चालायचं, ते मागं येतील. त्यांनी ताबा घेतला की 'शाबास' म्हणायचं आणि मटणाचा एक तुकडा नजर करायचा."

"रोज?"

"जहागीर पक्की होईपर्यंत. आठच दिवस."

तिनं नवऱ्याकडून दरबाराची सगळी फरशी आणि गालिचे रिठ्याच्या नि लिंबाच्या पाण्यानं घासून घेतले. "अत्तरानं माणसाचं नाक फसतं हो," ती म्हणाली, "सरदारांचं नाही फसत."

पुढचे आठ दिवस लोकांनी काय काय पाहिलं! चाळीस गावांचा राजा चिंचेखाली उभा, हातात मटणाचा तुकडा, आणि तोंडानं "शाबास सरदार, शाबास!" तिसऱ्या दिवशी व्याह्यांशी बोलता बोलता महाराजांचं भान सुटलं. झुपकेरावांनी गिरकी घेतलीच होती, इतक्यात राही दारातून म्हणाली, "महाराज, सरदार हद्द शोधतायत!" महाराज पगडी सावरत असे पळाले की व्याही बघतच राहिले.

नववा दिवस उजाडला. दरबार भरला. झुपकेराव आले, नव्या गालिच्याचा कोपरा हुंगला, एक गिरकी घेतली. सुभानानं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. पण झुपकेराव थबकले, दाराशी गेले, मागं वळून महाराजांकडे पाहिलं आणि म्हणाले, "भो!"

महाराज बोलता बोलता उठले, मोजड्या चढवल्या आणि त्यांच्या मागून बाहेर गेले. दरबार ताटकळत बसला. परत आले ते छाती फुगवूनच.

"वा, बाई! मारलं नाहीस, ओरडली नाहीस, हात लावला नाहीस! आठ दिवसांत सरदारांना एवढं शिकवलंस!"

"सरदारांना दुसऱ्याच दिवशी आलं होतं, महाराज."

"मग उरलेले दिवस कोणाला शिकवत होतीस?"

राहीनं पदर सावरला. "आत्ता सरदार भुंकले, तेव्हा दरबारातून उठलं कोण?"

दिवाणजींनी घाईघाईनं अत्तरदाणी शोधायला घेतली. महाराजांनी आधी डोळे वटारले, मग आपल्या चिखलानं भरलेल्या मोजड्यांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

"सुभानाची नोकरी कायम! आणि तू बोल, काय हवं? सरदारकी देऊ?"

"नको, महाराज! मलाही चिंचेखाली जावं लागेल! तो कापलेला इराणी गालिचा तेवढा द्या. एवीतेवी दरबारात तो आता शोभणार नाही. आमच्या खोलीत मात्र चपखल बसतो."

"कोपरा नसलेला गालिचा चपखल कसा बसेल गं?"

"त्या कोपऱ्यात आमची चूल आहे, महाराज. माप घेऊनच कापला होता!"

महाराज इतके हसले, की गालिचा तर दिलाच, वर हातातलं सोन्याचं कडंही काढून दिलं.