चिचुंद्रीचा लेप

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात, ओढ्याकाठच्या एका झाडाच्या मुळांत घर करून, एक चिचुंद्री राहत असे. अंगाने मूठभर, डोळ्यांनी अधू. पण नाक इतके तिखट, की वीतभर मातीखाली दडलेले मूळ कोणत्या झाडाचे, हे ती वरूनच सांगे. पाने, साली, बिया, कंद गोळा करायचे, काठावरच्या कातळाच्या खळग्यात ते कुटायचे आणि वास घेत बसायचे, हा तिचा आवडता उद्योग. कोणाच्या पायात काटा मोडला, कोणाचे पोट बिघडले, की तिच्या मिशा थरथरू लागत. "यावर जंगलात काहीतरी असणारच!" असे स्वतःशी म्हणत ती लगबगीने शोधायला निघे.

एके वर्षी पावसाळा सरता सरता जंगलात खरजेची साथ आली. आधी ससे खाजवू लागले, मग हरणे, मग वानरे. जो तो झाडाच्या बुंध्याला अंग घाशी. केस झडले, कातडी सोलवटली, कोणाला धड चरता येईना की निजता येईना. सर्वांत वाईट हाल झाले ते एका हरिणीच्या पाडसाचे. खाजवून खाजवून त्याच्या मानेवर जखमा झाल्या आणि ते दूधही पिईनासे झाले. थंडी तोंडावर आली होती. अंगावर केस नसलेले पाडस थंडीत टिकणार नाही, हे सगळ्यांना कळत होते.

उंबराखाली सभा भरली. वानर म्हणाले, "चिखलात लोळा!" ससा म्हणाला, "लोळलो. चिखल वाळला, खाज तशीच राहिली." अस्वल म्हणाले, "मध चाटा." पण मधाने तोंड गोड झाले, तरी पाठीची खाज थोडीच जाणार!

तेव्हा चिचुंद्री पुढे झाली. एवढ्या सगळ्यांपुढे ती प्रथमच बोलत होती. "करंजाच्या बियांचं तेल खाज मारत असावं. रानहळद जखम भरत असावी. पण 'असावं' एवढ्यावर कोणाचं लेकरू पणाला लावायचं नाही. मला थोडे दिवस द्या. मी पडताळून बघते."

"पडताळून बघते म्हणे!" वानर हसले. "तोवर आम्ही काय करायचं? खाजवत बसायचं?"

हरिणी मात्र हसली नाही. "चिचुंद्रीबाई," ती म्हणाली, "माझं पोर पंधरा दिवस कसंबसं काढेल. त्यापुढचं मला विचारू नका."

पंधरा दिवस! चिचुंद्री धावतच निघाली. पण अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आले, की आपल्याला खरूज झालेलीच नाही. मग औषध लागू पडले की नाही, हे कळायचे कसे? ती तडक सशाच्या बिळात शिरली आणि त्याच्या अंथरुणाच्या गवतात गडाबडा लोळू लागली.

ससा दचकून म्हणाला, "अगं, हे काय करतेस? सगळे माझ्यापासून दूर पळतात आणि तू माझ्या गवतात लोळतेस?"

"मला तुझी खरूज हवी आहे, ससेभाऊ!"

तिसऱ्या दिवशी तिच्या चारही पायांना अशी खाज सुटली, की दुसरा कोणी असता तर रडला असता. चिचुंद्री मात्र आनंदाने ओरडली, "आली! आली!" पुढच्या डाव्या पायाला तिने नुसते करंजाचे तेल लावले, पुढच्या उजव्या पायाला नुसती रानहळद, मागच्या डाव्या पायाला दोन्ही मिळून. मागच्या उजव्या पायाला तिने काहीच लावले नाही.

"त्या बिचाऱ्या पायानं काय पाप केलं?" सशाने विचारले.

"काही न लावताच खरूज आपोआप बरी होत असली तर? मग औषधाचं फुकटच नाव व्हायचं. म्हणून एक पाय तसाच ठेवला."

सशाला ही गंमत फारच आवडली. तो रोज सकाळी येई आणि चारही पायांची पाहणी करी. तेल लावलेल्या पायाची खाज थांबली, पण जखम ओलीच राहिली. हळद लावलेल्या पायाची जखम सुकली, पण खाज गेली नाही. काहीच न लावलेला पाय सुजून टुम्म झाला. आणि दोन्ही लावलेला पाय? तो सगळ्यांत छान होता! पण दवाने भिजलेल्या गवतातून एकदा चालून आले, की लेप पार धुऊन जाई आणि खाज पुन्हा डोके वर काढी.

"म्हणजे याला धरून ठेवणारं काहीतरी हवं!" चिचुंद्री म्हणाली. तिने लेपात झाडाचा डिंक मिसळला. लेप बसला खरा, पण निघाला तो केस उपटूनच. चिचुंद्री कळवळली, तिने डोळे पुसले आणि ती अस्वलाकडे गेली. "अस्वलदादा, माश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्याचं मेण मिळेल का?"

"मध सोडून मेण मागणारी तूच पहिली," अस्वल गुरगुरले. पण त्याने भला मोठा गोळा आणून दिला.

तापलेल्या कातळावर तिने मेण वितळवले. ओढ्यातला एक शिंपला हे तिचे माप. मेण जास्त झाले, तर लेप सालीसारखा कडक होई आणि औषध आतच अडकून बसे. कमी झाले, तर ओघळून जाई. एका वेळी एकाच वस्तूचे माप बदलायचे, बाकीची तशीच ठेवायची, हा तिचा नियम. पाचव्या खेपेला जमले. चार शिंपले तेल, दोन शिंपले हळद, एक शिंपला मेण! हा लेप दवात धुऊन गेला नाही आणि केसही उपटले नाहीत. दोनच दिवसांत पायावर मऊ, बारीक लव दिसू लागली. मग सशाने आपली पाठ पुढे केली आणि तो म्हणाला, "आता माझ्यावर बघ." दोन दिवस गेले. सशाने बुंध्याला पाठ घासायचे सोडून दिले, आणि तिसऱ्या दिवशी तो चक्क दुपारभर घोरत पडला!

चिचुंद्रीला काय करू नि काय नको असे झाले. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या करंजाच्या बिया कुटून तिने कातळावरचा सगळ्यांत मोठा खळगा लेपाने भरला आणि हरिणीला बोलवायला ती पळत सुटली. तो चौदावा दिवस होता.

इकडे वानर खाजवत खाजवत ओढ्यावर आले. त्याने तो पिवळा लेप पाहिला आणि नाक मुरडले. "एवढ्याशा मऊ लेपानं काय होणार? खरूज कशी जालीम आहे! औषधही जालीम हवं." त्याच्या मनात वाईट काही नव्हते, त्याला घाई होती, इतकेच. जवळच बिब्ब्याचे झाड होते. त्याने ओंजळभर बिब्बे ठेचून घातले, वर निवडुंगाचा चीक पिळला, आणखी चार झोंबरी पाने चुरगाळून टाकली आणि काठीने ढवळून ते ऐटीत बसले.

थोड्याच वेळात हरिणी पाडसाला घेऊन आली. मागोमाग सारे जंगल लोटले. चिचुंद्री पुढे होती. दहा पावलांवर येताच तिचे नाक जागच्या जागी थबकले.

"थांबा! कोणीही हात लावू नका! याला बिब्ब्याचा वास येतो आहे!"

"मीच घातला," वानर छाती फुगवून म्हणाले. "तुझा लेप दुबळा होता. मी त्यात जोर भरला."

"वानरदादा, चांगल्या कामात बिब्बा घालणं म्हणतात, तो तू खराखुरा घातलास! कातडी भाजून निघेल."

"भित्री कुठली! हे बघा!" असे म्हणून वानराने तो लेप आपल्या हाताला फासला. ते क्षणभर हसले. मग त्याचे हसू आटले. मग ते किंचाळत ओढ्यात उडी मारून बसले, आणि बाहेर आले तेव्हा हातभर फोड उठले होते.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "औषधच खोटं आहे!" "चला, घरी चला!" हरिणीने पाडसाला जवळ ओढले. सगळ्या बिया संपल्या होत्या आणि हाती एकच दिवस उरला होता. आता रडावे, असे तिला वाटले. पण रडून तेल निघत नाही! ती उडी मारून कातळावर चढली आणि तिने आपला मागचा डावा पाय वर धरला.

"हा पाय बघा! बिब्बा पडण्याआधीचा लेप याला लावला होता!"

"आणि ही माझी पाठ बघा!" ससा ओरडला.

सगळे पुढे सरकले. सशाच्या पाठीवर खरेच नवे केस येत होते!

"लेप नासला, पण माप माझ्या ध्यानात आहे," चिचुंद्री म्हणाली. "माझ्या बिया संपल्या, जंगलातल्या नाही संपल्या. ऊन अजून कडक आहे. ते आहे तोवर सामान आणाल का?"

मग जी पळापळ उडाली, तशी त्या जंगलाने कधी पाहिली नव्हती. वानरे करंजांवर चढून शेंगांचा पाऊस पाडू लागली. खारींनी कटाकट शेंगा फोडल्या. साळिंदराने रानहळदीचे कंद उकरले. अस्वल मेण घेऊन आले, तेही नाकाला दोन डंख खाऊन. घाईत ते भरल्या पोळ्यालाच भिडले होते. फोड आलेला हात ओल्या पानांत गुंडाळून ते वानरही खळग्यापाशी पहाऱ्याला बसले. कोणी म्हणाले, "हळद आणखी घाला की, भरपूर आहे!" तसे वानर कडाडले, "दोन शिंपले म्हणजे दोनच!"

ऊन उतरू लागले, कातळ निवू लागला आणि मेण पुरते वितळेना. "अस्वलदादा, फुंकर!" चिचुंद्री ओरडली. अस्वलाने खळग्यावर तोंड नेऊन गरम श्वास सोडला. एकदा, दोनदा, दहादा. मेण हलले, पसरले, तेलात मिसळले. चिचुंद्रीने खोल वास घेतला आणि ती मोठ्याने म्हणाली, "झालं!"

सूर्य टेकायच्या आत पाडसाच्या अंगाला लेप लागला. "आता जुनं गवत फेकून द्या आणि नव्या जागी निजा," चिचुंद्रीने सर्वांना बजावले. दुसऱ्या दिवशी पाडस तसेच मलूल पडून होते. चिचुंद्री त्याच्या उशाशीच बसून राहिली. तिला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी पाडसाने मान उचलली, आईला ढुशी दिली आणि ते चुटुचुटु दूध पिऊ लागले. हरिणीने चिचुंद्रीचे कपाळ चाटले, आणि तेवढ्यानेच ती मूठभर चिचुंद्री उलथून पडली!

थंडी पडली तेव्हा पाडसाच्या अंगावर दाट केस आले होते आणि ते ओढ्यावरून उड्या मारत होते. एके सकाळी वानर एक अनोळखी पान घेऊन चिचुंद्रीच्या दारी आले. म्हणाले, "हे कशावर चालतं, मला ठाऊक नाही. म्हणून कुठं घातलंही नाही. आधी बघू या का?"

चिचुंद्रीच्या मिशा थरथरू लागल्या. "बघू या की! बस इथं. आधी नुसता वास घे."

तात्पर्य : औषधाला गुण येतो तो पारखून घातलेल्या मापाने, उतावळेपणाने घातलेल्या भरीने नव्हे, आणि जे दुसऱ्याला द्यायचे, ते आधी स्वतः पडताळून पाहावे.